नगराचा वर्षाचा हिशेब

वर्ष संपते कधी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्या व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीत संपते. तो वहीपूजन करतो, जुनी खाती मिटवतो आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकू लावतो. घरातील वडीलधाऱ्यांचे वर्ष गुढीपाडव्याला पालटते. मराठ्यांच्या दफ्तरातील वर्ष सूर्य मृगात शिरला म्हणजे सुरू होई. सुहूर सन किंवा मृगसाल म्हणतात ते हेच. त्यात शहाणपण होते, कारण शेतसारा ज्या पावसावर अवलंबून, त्याच पावसापाशी हिशेबही थांबे. सरकारचे आणि त्याच्या मागोमाग आमच्या नगरपालिकांचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. ही रीत हिंदुस्थानात १८६७ पासून पडली. त्यापूर्वी सरकारी वर्ष १ मे रोजी सुरू होत असे. तेव्हा वसंतातील व्याख्याने आणि नगराचा वर्षाअखेरचा जमाखर्च यांची गाठ निदान दीडशे वर्षांची आहे. आपण येथे सायंकाळी व्याख्यान ऐकायला जमतो, त्याच दिवसांत कचेरीत कारकून गेल्या वर्षाची बेरीज जुळवीत बसलेले असतात.

या बेरजेतूनच पुढे एक पुस्तिका निघते. कधी जाड अहवाल, कधी चार पानी पत्रक: अमुक मैल रस्ते झाले, इतक्या नळजोडण्या दिल्या, अमक्या पेठेत बाग फुलली, शाळेतील मुलांनी कवायत केली. आपण ती चाळतो आणि कपाटावर टाकतो. घरी तिचा उपयोग बहुधा डबे झाकण्यापुरता होतो. आम्ही आज या दुर्लक्षित पुस्तिकेबद्दल बोलणार आहोत. तिला इतिहास आहे आणि तो भांडणाचा आहे. नगराच्या कारभाऱ्याने नागरिकाला वर्षाचा हिशेब द्यावा ही गोष्ट कोणाच्या सौजन्यातून आलेली नाही. ती मागावी लागली. आणि मागितल्यावरही पुष्कळ काळ तो हिशेब भलत्याच पत्त्यावर जात होता.

पेशवाईतील पुण्यापासून सुरुवात करू. नगराचा कारभार कोतवालाकडे असे. बाजारभाव, चोऱ्या, आल्यागेल्याची नोंद, लहानसहान तंटे, हे सारे तो पाही आणि त्याच्या चावडीचा जमाखर्च हुजुरात जाई. हिशेब ठेवण्यात आमचे लोक कधीच कच्चे नव्हते. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द आजही आपण वापरतो, ते त्या दफ्तराचेच देणे आहे. पण तो ताळेबंद पाहणार कोण? फडणीस. कसब्यातल्या किंवा सोमवारातल्या माणसाने कोतवालाला, बाबा, वर्षभर काय जमवलेस आणि काय खर्चलेस, असे विचारण्याची सोय नव्हती आणि तसे विचारावे हे कोणाला सुचतही नसे. त्याला कात्रजचे पाणी हौदात मिळाले म्हणजे झाले. गाऱ्हाणे असले तर वाड्यावर जावे. गाऱ्हाणे ऐकले गेले नाही तर काय होई, ते १७९१ मध्ये दिसले. घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठार केले. कोतवालाकडे हिशेब मागण्याची तीही एक तऱ्हा होती, पण ती वर्षानुवर्षे चालवता येण्याजोगी नव्हे.

इंग्रजी अमलात १८५० चा २६ वा कायदा आला. गावच्या रहिवाशांची इच्छा असेल तर तेथे नगरपालिका स्थापावी, अशी त्याची रचना होती. या कायद्याखाली सोलापूर आणि पनवेल येथे १८५२ मध्ये पालिका स्थापन झाल्या. पुण्याची पालिका त्यानंतर काही वर्षांनी, सत्तावनच्या धामधुमीच्या सुमारास. नाव रहिवाशांचे, पण बसणारे सभासद सरकारने नेमलेले आणि अध्यक्षस्थानी सरकारी अधिकारी. वर्षाअखेरीस अहवाल लिहिला जाई तो इंग्रजीत, आणि जाई तो कलेक्टरामार्फत वर. मग मुंबई सरकार इलाख्यातील सगळ्या पालिकांच्या कराचा व खर्चाचा एकत्र आढावा घेऊन त्यावर ठराव काढी. यात कोणाला शाबासकी मिळे, कोणाची कानउघाडणी होई. वसुली मागे पडली, दवाखान्यावर खर्च कमी, जकातीचा दर असा का? शाळामास्तराने पाटीवर शेरा मारावा तसा हा प्रकार. पट्टी भरणारा मनुष्य या साऱ्या व्यवहारात कोठेच नव्हता. पैसा त्याचा, नळ त्याच्या दारचा, गटार त्याच्या अंगणातले. पण पत्राचा मायना सरकारच्या नावे.

हा मायना बदलण्याची पहिली मोठी लढाई मुंबईत झाली आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात माणूस मावेना. १ फेब्रुवारी १८६४ ला पहिली शिरगणती झाली, तिच्यात ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि फुगा फुटला; पेढ्या बसल्या, लखपती रस्त्यावर आले. १८७२ च्या शिरगणतीत शहर ६,४४,४०५ वर उतरले होते. तेजीतल्या स्वप्नांचे शहर मंदीत चालवायचे, असा तो काळ. नेमक्या याच वेळी, १८६५ मध्ये, नवा पालिका कायदा झाला. सरकारने नेमलेले शेकडो जस्टिस म्हणजे पालिका, आणि सारी कार्यकारी सत्ता एका कमिशनरच्या हाती. हिशेब तपासायला एक कंट्रोलर दिला होता. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड.

क्रॉफर्डसाहेब दमाचा माणूस होता, हे कबूल केले पाहिजे. गलिच्छ धंदे वस्तीतून हलवणे, रस्ते रुंद करणे, गटारे काढणे, ज्याला लोक अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात तो बाजार बांधणे, अशी कामे त्याने झपाट्याने केली. त्याच्या वेळची मुंबई आधीच्या मुंबईपेक्षा स्वच्छ झाली, यावर त्याचे विरोधकही फारसे भांडले नाहीत. भांडण होते पैशाचे. काम आधी, मंजुरी मागून. आणि मंजुरीमागून कर्ज. मंदीने कंबर मोडलेल्या घरमालकावर पट्टी वाढत होती. जस्टिस लोकांपुढे येणारे आकडे कधी अपुरे, कधी उशिरा येत. कंट्रोलर होता, पण कमिशनरच्या वेगाला लगाम घालण्याची ताकद त्या पदात नव्हती.

१८७१ मध्ये हे गळू फुटले. पट्टी भरणाऱ्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, वर्तमानपत्रांत कोरडे ओढले. नवरोजी फर्दुनजींसारखा लोकांचा जुना कैवारी पुढे झाला. जस्टिस मंडळींच्या सभेत जेम्स फोर्ब्झ या व्यापारी सभासदाने कमिशनरच्या कारभारावर ठराव आणला, आणि टाउन हॉलमध्ये एरवी मोकळ्या राहणाऱ्या खुर्च्यांसाठी दाटी झाली. रस्त्यावरच्या माणसाला आकड्यांत रस नसतो असे म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. आकडा आपल्या खिशातला असला म्हणजे माणूस रात्र रात्र सभेत बसतो.

या गर्दीत एका तरुण बॅरिस्टराने उलटे बोलण्याचे धाडस केले. फिरोजशहा मेथा तेव्हा विलायतेहून नुकतेच परतले होते. त्यांनी क्रॉफर्डची बाजू घेतली आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एका माणसाला बदनाम करून काय साधणार? दोष घडणीत आहे. कारभार करणारा हात एकच असावा हे ठीक. पण त्याच्याकडून जाब घेणारी सभा लोकांनी निवडलेली पाहिजे. सरकारने नेमलेले जस्टिस कोणाला जबाबदार? कोणालाच नाही, म्हणून तेही हिशेब मागत नाहीत आणि कमिशनरही देत नाही. त्याच वर्षी एका निबंधात त्यांनी ही योजना तपशिलाने मांडली.

आमच्या मते त्या वादात दोन्ही पक्ष बरोबर होते आणि म्हणूनच तो वाद फळाला आला. पट्टी भरणारे ओरडले नसते तर सरकार हलले नसते. मेथा बोलले नसते तर ओरडा क्रॉफर्डच्या नावापाशीच संपला असता. क्रॉफर्डला पद सोडावे लागले. (हेच क्रॉफर्डसाहेब पुढे आमच्याकडे मध्य विभागाचे कमिशनर झाले, आणि १८८८ मध्ये मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात त्यांची चौकशी झाली. लाच घेतल्याच्या आरोपातून ते सुटले, पण हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल नोकरीला मुकले. मामलेदारांची बाजू टिळकांनी उचलून धरली होती. हिशेबाशी या गृहस्थाचे जन्मभर जमले नाही असे दिसते.) १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची पालिका आली, तिच्यातले ३२ पट्टी भरणाऱ्यांनी निवडलेले, १६ जस्टिस मंडळींनी निवडलेले आणि १६ सरकारनियुक्त. १८८८ च्या कायद्याने सभासद ७२ झाले. त्या कायद्यातच कमिशनरने दर वर्षी १ एप्रिलनंतर शक्य तितक्या लवकर मागील वर्षाच्या कारभाराचा तपशीलवार अहवाल आणि जमाखर्चाचे पत्रक तयार करावे, असे बंधन आहे. तो कायदा पुष्कळ दुरुस्त्या सोसून मुंबईत चालत आला आहे. आपल्या हाती येणाऱ्या रंगीत पुस्तिकेचे कूळ शोधीत गेले तर ते या कलमापाशी आणि त्यामागच्या टाउन हॉलमधील दाटीपाशी पोचते.

आता हे जुने अहवाल असतात कसे? जाडजूड, निळ्या-करड्या पुठ्ठ्याचे, आणि पहिल्या दर्शनी अत्यंत कंटाळवाणे. पाणी, रस्ते, दिवे, आग विझवण्याचे बंब, कत्तलखाने, बाजार, स्मशाने, बागा; प्रत्येक खात्याचा अधिकारी आपले प्रकरण लिहितो आणि प्रत्येकाला आपले खाते थोडे उपाशी ठेवले गेले असे वाटते. पण चिकाटीने वाचणाऱ्याला त्यांतून शहर बोलू लागते. विशेषतः आरोग्याधिकाऱ्याचे कोष्टक: कोणत्या वॉर्डात, कोणत्या आठवड्यात, कशाने किती माणसे मेली.

प्लेगचेच पाहा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या धान्याच्या वखारींच्या भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना गाठींचा ताप आलेले रोगी सापडले, आणि हा प्लेग आहे असे त्यांनी सांगितले. शहरात प्लेग आहे असे मान्य करणे म्हणजे बंदर ओस पाडणे. त्यामुळे सुरुवातीला कबुलीपेक्षा शंकाच जास्त. पुढे कबुली आली, पण मग लोक लपवू लागले. रोग्याला उचलून इस्पितळात नेणार, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवणार, घर उघडे करून सामान जाळणार. तेव्हा घरात मृत्यू झाला की लोक ताप, खोकला, छातीचा विकार असे काहीही सांगत. त्यामुळे प्लेगच्या रकान्यातला आकडा वाचून त्या वर्षाची खरी हानी कळत नाही. ती कळते शेजारच्या रकान्यांवरून. साध्या तापाने आणि श्वसनाच्या विकाराने दर वर्षी जितकी माणसे जात, त्याच्या कितीतरी पट त्या वर्षी गेलेली दिसतात. सर्व मृत्यूंची एकूण बेरीज घ्यावी, तिच्यातून आधीच्या वर्षांची सरासरी वजा करावी. उरते ती प्लेगची सावली. लपवणारे कुटुंब आणि नोंदणारा कारकून या दोघांच्याही नकळत त्या कोष्टकाने खरे सांगून टाकले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबई १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आलेली दिसते, ती काही कापसाच्या मंदीने नव्हे.

म्हणून वर्षाचा अहवाल वाचणाऱ्याला आमचे एक सांगणे आहे. ज्या रकान्याकडे लेखक बोट दाखवतो त्याच्या शेजारचा रकाना वाचा.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी. येथे पैसा कमी आणि शब्द फार, असे कोणी म्हणेल. पण शब्दांनीही काम केले आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे पालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी शहर शृंगारायला हजार रुपये खर्च करावे असा प्रस्ताव आला. पट्टी भरणाऱ्यांचा पैसा कमानी आणि पताकांवर का, तो गरिबांच्या शिक्षणाकडे का नको, हा त्यांचा सवाल होता. आणि नियुक्त सभासदांपैकी विरुद्ध मत देणारे ते एकटे. मोठ्या मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. ती इमारत १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडली आणि पुढे आचार्य अत्रे स्थायी समितीचे अध्यक्ष असताना तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले! ज्याने खर्चाला हरकत घेतली त्याचेच नाव इमारतीवर चढावे, हा काळाचा विनोद खरा. पण भाजी घ्यायला जाणाऱ्या किती जणांना त्या हरकतीची आठवण असते? हजार रुपयांची नोंद जमाखर्चात एका ओळीची. त्या ओळीपाशी थांबून का, असे विचारणे हेच नागरिकत्व. हे आम्ही फुल्यांकडून शिकलो. कायद्याच्या पुस्तकातून नव्हे.

त्याच काळात न्यायमूर्ती रानडे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून इंग्लंडमधील आणि हिंदुस्थानातील स्थानिक कारभाराची तुलना मांडीत होते. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा उगमही १८७५ मध्ये त्यांच्याच प्रेरणेचा. त्यांच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. सभेत बसून ऐकणे, शंका विचारणे आणि पालिकेत बसून जाब विचारणे, ही एकाच शाळेतली दोन इयत्तांची तयारी. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्यानंतर १८८४ च्या कायद्याने इलाख्यातील पालिकांत निवडून आलेल्या सभासदांना मोठी जागा मिळाली. १८९५ मध्ये टिळक पुणे पालिकेत निवडून आले. पण स्थानिक स्वराज्य किती पातळ होते हे दोनच वर्षांत कळले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारने रँडच्या हाती कमिटी दिली आणि पालिका बाजूला बसली. गोरे शिपाई घरांत शिरले. त्या महिन्यांत शहरात जे घडले त्याचा जाब लोकांनी निवडलेल्या संस्थेकडून घेता येत नव्हता, कारण कारभार तिचा नव्हताच. आणि ज्यांचा होता ते पुणेकरांना बांधील नव्हते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. घाशीरामाच्या वेळची ती जुनी तऱ्हा शंभर वर्षांनी पुन्हा वर आली, एवढेच आम्ही म्हणू. १९०२ पासून काही वर्षे गोखले पालिकेचे अध्यक्ष होते. विधिमंडळात अंदाजपत्रकाची चिरफाड करणारा हा माणूस गटारे आणि दिव्यांच्या कामकाजात तितक्याच गंभीरपणे बसे, हे त्याच्या चरित्रातले दुर्लक्षित प्रकरण आहे.

एवढे सारे सांगितल्यावर या अहवालांतले मौनही सांगितले पाहिजे. मुंबईत मैला वाहण्याच्या कामासाठी हलालखोर कर नावाची पट्टी होती. कर किती जमला हे अहवालात आहे. कचऱ्याच्या गाड्या किती भरल्या तेही आहे. बैल किती, त्यांच्या वैरणीचा खर्च किती, ते आणेपैशासकट आहे. ज्यांच्या डोक्यावरून तो मैला वाहिला गेला त्यांची मोजदाद मजूर म्हणून आहे, माणूस म्हणून नाही. ते कोठे राहत, त्यांच्या आळीत नळ होता का, त्यांची मुले पालिकेच्या शाळेत बसू शकत का, हे विचारणारा सभासद सभेत असेपर्यंत अहवालात त्याचे उत्तर येणार नव्हते. आणि सभासद यायला मत हवे. १८८८ मध्ये मत होते ते ठरावीक कर भरणाऱ्यांना. मुंबईत १९२२ मध्ये दरमहा १० रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूला ते मिळाले. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाच्या मतावर मुंबईची पालिका निवडली गेली ती १९४८ मध्ये. पुण्याची महानगरपालिका १९५० ची. म्हणजे सबंध नगराला उद्देशून हिशेब लिहिण्याची वेळ आमच्या कारभाऱ्यांवर आली त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

त्यानंतर अहवालाचा सूर बदलला. पूर्वी तो कारकुनी होता, रुक्ष होता, पण कबुल्या देणारा होता. पाणी कमी पडले, पंप बिघडला, वसुली थकली, असे साहेब वरच्या साहेबाला लिहीत असे. कारण खोटे लिहिले तर ठराव अंगावर येई. नागरिकाला लिहायचे म्हटल्यावर लेखणीला गोडवा आला. छायाचित्रे आली, उद्घाटने आली, हारतुरे आले. झालेले काम मोठ्या टाइपात आणि राहिलेले काम पुढील वर्षाच्या संकल्पात. आम्ही गोडव्याच्या विरुद्ध नाही; शेजारच्या बागेत झोपाळा बसला ही बातमी ऐकून आम्हांलाही आनंद होतो. पण एक प्रयोग करून पाहावा. गेल्या वर्षीची पुस्तिका टाकून न देता ठेवावी आणि या वर्षीची तिच्याशेजारी मांडावी. गेल्या वर्षी प्रगतिपथावर असलेला पूल या वर्षीही प्रगतिपथावरच असला, तर तो पूल आहे की पथ, याचा विचार करता येतो.

भाषेचाही प्रश्न होता. १९६४ च्या कायद्याने मराठी राज्याची राजभाषा झाली. स्थानिक संस्थांसाठी तसे बंधन घालणारा स्वतंत्र कायदा मात्र २०२२ मध्ये झाला. इंग्रजीची जागा मराठीने घेतली खरी, पण ती मराठी पुष्कळदा अशी असते की तिचे मराठीत भाषांतर करावे लागते. नळाला पाणी येत नाही, हे तीन-चार शब्दांचे वाक्य कचेरीत गेले की त्याचे पाणीपुरवठ्याच्या समन्यायी वितरणातील अडचण असे बारसे होते.

चांगलेही घडले. महानगरपालिका आयुक्ताने दर वर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा, असे कलम कायद्यात आले. नदीत किती सांडपाणी शुद्ध न करता सोडले जाते, हा आकडा नगराला आपल्याच पालिकेच्या कागदावर वाचता येऊ लागला. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केला. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याचा उपक्रम सुरू झाला. पदपथ, दिवे, बसथांबे अशी लहान कामे असतात, पण आपल्या हाताने लिहिलेली ओळ छापील अंदाजपत्रकात पाहण्याचे सुख ज्याने घेतले त्याला त्याची किंमत विचारावी.

दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांची आम्हांला काळजी वाटते. आमच्या पालिकांचे मोठे उत्पन्न जकातीचे होते. नाक्यावर ट्रकांच्या रांगा, कारकुनांची चैन, व्यापाऱ्यांचा त्रास, सगळे खरे. जकात गेली म्हणून कोणी अश्रू ढाळू नयेत. पुण्यात ती २०१३ मध्ये गेली, मुंबईत १ जुलै २०१७ ला. पण तिच्याबरोबर पालिकेच्या हातचे स्वतःचे उत्पन्नही गेले आणि त्या जागी राज्य सरकारकडून भरपाई येऊ लागली. पैसा ज्या दिशेने येतो त्या दिशेला हिशेब तोंड करतो, हे आपण १८५० पासून पाहत आलो आहोत.

दुसरी गोष्ट याहून ठसठशीत. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरपालिकांच्या सभासदांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या. पुढची कित्येक वर्षे आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक आयुक्ताने तयार करायचे आणि प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर करायचे; अहवाल आयुक्ताने लिहायचा आणि सभागृहाच्या वतीने स्वतःच स्वीकारायचा. यात कोणा अधिकाऱ्याचा दोष आम्ही काढीत नाही. त्यांतले काही कष्टाळू होते. क्रॉफर्डही कष्टाळू होता. पण फिरोजशहा मेथांनी १८७१ मध्ये ज्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवले ती हीच. बोलणारा होता, ऐकणाऱ्याची खुर्ची मोकळी.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही एका पालिकेच्या कचेरीत जुने वार्षिक अहवाल पाहायला गेलो होतो. नाव सांगत नाही. एका मेजावरून दुसऱ्या मेजावर, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, असा अर्धा दिवस गेल्यावर एका वयस्क शिपायाला आमची दया आली. मागल्या खोलीत पाणी शिरले तेव्हा ते गठ्ठे भिजले आणि रद्दीत गेले, असे त्याने हळूच सांगितले. रद्दीचे पैसे जमा झाल्याची नोंद मात्र असणार, असे तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसलो.

शेवटी एक अहवाल मिळाला तो गावातील वाचनालयात. पाने पिवळी, कडा चुरगळलेल्या. शेवटच्या जमाखर्चाच्या पानावर कोणी वाचकाने फार पूर्वी शिसपेन्सिलीने उभी बेरीज केली होती. आकडे मोडी वळणाचे, हातचे घेतलेले लहान ठिपके जागच्या जागी. छापील बेरजेत आणि त्याच्या बेरजेत तीन आण्यांचा फरक होता. त्याने फरकाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आम्ही वाचनालयातच बसून ती बेरीज पुन्हा केली. तीन आणे कमी होते.